न्याय मागणाऱ्या बहिणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि मंडळात आजवर माझ्याकडे काम असे ते चहाचे व सतरंज्यांचे. पण यंदा कार्यकारिणीने 'खरा न्याय' हा विषय ठरवला आणि त्यावर घरातल्याच एखाद्या बाईने बोलावे असे ठरून ते माझ्या गळ्यात आले. विषय ऐकला तेव्हा कोर्ट, कचेरी, काळे कोट असेच डोळ्यांपुढे आले. मग मनाशी आठवू लागले की आपल्या ओळखीच्या बायकांवर अन्याय होतो तो नेमका कोठे? तेव्हा ध्यानात आले की पुष्कळदा तो कचेरीत होतच नाही. तो घरातच, प्रार्थना झाल्यावर, चहा घेता घेता होतो आणि त्याला अन्याय असे कोणी म्हणतही नाही. बापाच्या मागे मुलीला मिळणारा वाटा, ही त्यातली एक गोष्ट. मी आज तिच्याविषयीच बोलणार आहे. हा विषय ज्यांना आवडत नाही त्यांनी रागावू नये. त्यांच्याही घरी मुली आहेत.

पवित्र शास्त्रात गणना नावाचे पुस्तक आहे. ते आपण फारसे उघडत नाही, कारण त्यात नावे आणि आकडे फार. पण त्याच्या 27व्या अध्यायात पाच बहिणी भेटतात : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप सलाफहाद रानातच वारला. त्याला मुलगा नव्हता. पुढे देशात गेल्यावर जमिनीची वाटणी व्हायची होती आणि ती पुरुषांच्या नावांवर होणार होती, म्हणजे सलाफहादचे नाव यादीतून जाणार होते. तेव्हा या पाचही जणी दर्शनमंडपाच्या दारापाशी मोशे, एलाजार याजक आणि सारे सरदार यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि बापाच्या भावांबरोबर आम्हांलाही वतन मिळावे असे त्यांनी मागितले.

यात मला दोन गोष्टींचे नवल वाटते. पहिली ही की त्या रडल्या, पाया पडल्या असे काही तेथे लिहिलेले नाही. त्या उभ्या राहिल्या आणि बोलल्या. दुसरी ही की मोशेने त्यांना 'मुलींनी असे मागू नये' म्हणून परत पाठवले नाही. त्याने ती गोष्ट देवापुढे नेली आणि देवाने मुलींचे म्हणणे बरोबर ठरवले. नुसते बरोबर ठरवले नाही, तर पुढच्या साऱ्यांसाठी तसा नियम घालून दिला.

आता कोणी म्हणेल, त्यांना भाऊ नव्हता म्हणून मिळाले. भाऊ असता तर? हे म्हणणे खरे आहे, तो नियम तेवढाच होता. पण मग इयोबाचे पुस्तक शेवटपर्यंत वाचावे. इयोबाला दुःखानंतर सात मुलगे आणि तीन मुली झाल्या. मुलग्यांची नावे तेथे दिलेलीच नाहीत. मुलींची मात्र दिली आहेत : यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक. आणि बापाने त्यांना भावांच्या बरोबरीने वतन दिले असे स्पष्ट लिहिले आहे. इतके दुःख भोगून वर आलेल्या माणसाने हे केले, याला काही अर्थ असेल असे मला वाटते.

सलाफहादच्या मुलींची कथा मात्र गणनेत संपत नाही. पुढे यहोशवाच्या 17व्या अध्यायात त्या पुन्हा येतात. तोवर मोशे वारला होता, यार्देन ओलांडून झाली होती, वाटणी चालू होती. तेथे या बहिणींना पुन्हा एलाजार याजकापुढे, यहोशवापुढे आणि सरदारांपुढे जाऊन, देवाने आमच्याविषयी मोशेला आज्ञा केली होती, याची आठवण द्यावी लागली. मग त्यांना वाटा मिळाला. म्हणजे आज्ञा देवाची, ती मोशेच्या तोंडची, सर्वांदेखत झालेली, तरी जाऊन मागितल्याशिवाय जमीन हातात पडली नाही. आपल्या कायद्याचेही असेच आहे.

कायदा मी पुस्तकातून शिकले नाही. आमच्यावर प्रसंग आला तेव्हा एका वकीलबाईंकडून समजून घेतला, तो सांगते. आपणा ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे, 1925 सालचा. माणूस मृत्युपत्र न करता वारला आणि मागे बायको व मुले असली, तर बायकोला तिसरा हिस्सा आणि उरलेले दोन हिस्से मुलांना सारखे. मुलगा-मुलगी हा भेद नाही, लग्न झालेली व न झालेली हाही नाही. सहा भाकरी टोपल्यात आहेत असे समजा. दोन आईच्या. राहिल्या चार. दोन भाऊ व दोन बहिणी असतील तर प्रत्येकाला एकेक. एवढाच हिशेब आहे आणि तो आपल्यापैकी कोणीही करू शकते. आपल्या हिंदू शेजारणींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्याइतका हक्क महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली मिळाला. आपला कायदा त्याहून कितीतरी जुना, आणि तरी आपल्या किती घरांत मुलींना वाटा गेला, ते ज्याने त्याने आपापल्या घरापुरते मोजावे.

सारखा वाटा सगळीकडच्या ख्रिस्ती मुलींना पहिल्यापासून होता असेही नाही. केरळात त्रावणकोर संस्थानाचा 1916 सालचा वेगळा कायदा होता. त्यात बाप मृत्युपत्राशिवाय वारला तर मुलीला भावाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते. लग्नात स्त्रीधन दिले असेल तर तेही नाही. कोट्टायमला शाळा चालवणाऱ्या मेरी रॉय यांचे वडील 1960 साली वारले आणि त्यांना हाच कायदा दाखवण्यात आला. त्यांनी पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 1986 साली निकाल झाला की संस्थान भारतात विलीन झाल्यावर 1951 सालापासूनच तेथे 1925 सालचा कायदा लागू आहे, म्हणून मुलींना सारखा वाटा. पाहा, 35 वर्षे हक्क होता आणि तो आहे हे कोणी सांगितले नव्हते! निकालावर मोठा गदारोळ झाला, घरे मोडतील म्हणून चर्चमधूनही विरोध झाला. मेरीबाईंना स्वतःचा वाटा हाती यायला त्यानंतर आणखी पुष्कळ वर्षे लागली. 2022 साली त्या वारल्या. त्या बाईंचा स्वभाव फार कडक होता असे म्हणतात. असेल. मऊ स्वभावाच्या बाईचे ते काम नव्हते.

आपल्या घटस्फोटाच्या कायद्याचेही तसेच. 1869 सालचा तो कायदा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे; बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर छळ किंवा सोडून देणे असे आणखी काही सिद्ध करावे लागे. ते बदलायला 2001 साल उजाडले, आणि त्याआधी केरळच्या व मुंबईच्या उच्च न्यायालयांत बायका जाऊन उभ्या राहिल्या होत्या, तेव्हा कोठे.

इतके सांगितले की लगेच कोणी तरी पवित्र शास्त्र उघडून दोन ठिकाणे दाखवते. मलाही दाखवली गेली, म्हणून त्यांविषयी बोलणे भाग आहे.

पहिले ठिकाण लूकच्या 12व्या अध्यायातले. गर्दीतला एक मनुष्य प्रभूला म्हणतो की माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. आणि प्रभू ते काम पत्करत नाही, उलट लोभापासून जपायला सांगतो. यावरून वाटा मागणारी बहीण लोभी ठरते. पण भगिनींनो, ते वाक्य नीट पाहा. लोभाचा इशारा प्रभूने मागणाऱ्या एकट्याला दिलेला नाही, तेथे जमलेल्या सर्वांना दिला आहे. आणि त्यामागोमाग दृष्टान्त सांगितला तो कोणाचा? वाटा मागणाऱ्याचा नव्हे. ज्याची कोठारे भरली आहेत आणि जो आणखी मोठी बांधू पाहतो, त्याचा. मागणाऱ्याच्या मनात लोभ असू शकतो, नाही असे मी म्हणत नाही. पण दाबून बसलेल्याच्या मनात तो नसतोच असे समजून आपण का चालावे?

दुसरे ठिकाण पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातले, सहावा अध्याय. भावाने भावावर फिर्याद करून बाहेरच्या न्यायाधीशांपुढे जाऊ नये, त्यापेक्षा अन्याय सोसावा, असे तो लिहितो. हे वचन बायकांना फार ऐकवले जाते. मात्र त्याच्या आधीची आणि नंतरची ओळ ऐकवली जात नाही. आधी तो विचारतो की तुमच्यात भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा नाही काय? आणि नंतर म्हणतो की तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच भावांना लुबाडता. म्हणजे न्याय मागूच नये असे पौल म्हणत नाही, तो घरातच आणि मंडळीतच मिळायला हवा होता असे म्हणतो. आमच्या घरी कागद आला तेव्हा मी मनात म्हटले की तसा निवाडा मंडळीत झाला तर कोर्टात कोण जाईल? कोणाला हौस आहे?

आता कागदाचे सांगते.

2012 साली माझे सासरे वारले. जमीन सहा एकर, एक विहीर, राहते घर. मृत्युपत्र नव्हते. मागे सासूबाई, माझे मालक, धाकटे भाऊजी आणि दोन नणंदा. थोरल्या आक्का विधवा. तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत दोन मुले घेऊन राहत आणि शाळेत मुलांची खिचडी शिजवीत. धाकट्या नणंदेचे पुण्याला बरे चाललेले. मामंजींच्या मागे महिना उलटला तेव्हा सारे जमले, प्रार्थना झाली आणि भाऊजींनी हक्कसोडपत्र तयार करून आणलेले पुढे ठेवले. दोघी बहिणींनी सही करायची, सासूबाईंनी अंगठा द्यायचा. नंतर निबंधकाच्या कचेरीत नोंदणीला जायचे होते, पण घरात आधी सगळे ठरून जावे असा बेत. त्यात भाऊजींचे वाईट मन होते असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे असेच होत आले होते. त्यांच्या आत्यांनीही सही केली होती.

आक्का पेन घेऊन बसल्या. आलेल्या पाहुण्यांपैकी एक वडीलधारे म्हणाले, ख्रिस्ती माणसाने सोडून द्यावे, प्रभू दुसरीकडून देतो. तेवढ्यात सासूबाई, ज्यांना अक्षर येत नाही, मला म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस, हे काय लिहिलंय ते वाच."

सातवी शिकलेली म्हणजे आमच्या घरात शिकलेलीच. मी मोठ्याने वाचले. सरकारी मराठी अवघड असते, पण एक ओळ सोपी होती : आम्ही हे स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहोत. सासूबाईंनी तेथे थांबवले आणि आक्कांना विचारले, "तुझी खुशी हाय का?" आक्का बोलल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवले आणि पदराने डोळे पुसले. सासूबाई म्हणाल्या, "मग माझा अंगठा कशाला खोटा करता?"

त्या दिवशी कोणी जेवले नाही. रात्री माझे मालक बराच वेळ ओट्यावर बसून होते. बहिणींनी सही केली असती तर दोघा भावांना दोन-दोन एकर आली असती. न केली तर एकेक. म्हणजे आमच्या घरातून एक एकर जाणार होती आणि आमच्या मुलाच्या पुढच्या हिशेबातली ती होती. हे मला कळत नव्हते असे नाही. शेजारणींनी नंतर ऐकवलेच की बाई, तू आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलास. पण मालकांनी सकाळी उठून मृत्यूचा दाखला घेतला, तलाठ्याकडे गेले आणि वारस म्हणून पाचही नावे लिहून दिली. बहिणींची नावे 'इतर हक्कात' घालू का, असे तेथे विचारले गेले. मालक म्हणाले, नाही, आमच्या नावांच्या ओळीत घाला. पुढे नोटीस लागली, हरकतीची मुदत संपली आणि फेरफार मंजूर झाला.

पुढे सगळे गोड झाले असे सांगण्यासाठी मी उभी राहिले नाही. भाऊजी दोन वर्षे बोलत नव्हते. पहिल्या नाताळाला पाठवलेले फराळाचे ताट तसेच परत आले, वरचा रुमालही न उघडता. मला त्याचे फार लागले. आता ताट जाते, येते. बोलणे मात्र मोजके. आक्कांची एक एकर आम्हीच निम्म्या वाट्याने करतो. बियाणे-खताचा खर्च निम्मा, माल निम्मा. गेल्या वर्षी त्यांच्या वाट्याला बाजरीची चार पोती आली. एका वर्षी कांद्याला भाव लागला तेव्हा त्यांनी मुलीची नर्सिंगची फी भरली आणि पावती आणून सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाईंनी ती उलटी धरून बराच वेळ पाहिली.

धाकट्या नणंदेचे मात्र वेगळे झाले, आणि ते सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पुरे होत नाही. नाव लागल्यावर वर्षभराने तिने आपण होऊन आपली एकर आईच्या नावे सोडली, कचेरीत जाऊन, हसत हसत. मला काही कमी नाही, आईला म्हातारपणी असू दे, म्हणाली. तेही हक्कसोडपत्रच. कागद तोच, मजकूर जवळजवळ तोच, 'स्वखुशीने' हा शब्दही तोच. पण तिचे ते दान होते. जे आपल्या हातात आलेलेच नाही ते सोडले असे कसे म्हणावे? ओंजळ रिकामी ठेवून अर्पण टाकता येत नाही. बायकांना त्याग शिकवणारी माणसे पुष्कळ आहेत. त्यांना माझी एवढीच विनंती की आधी आमचे आमच्या हातात द्या, मग त्याग शिकवा.

क्षमेचेही मला असेच वाटते. जक्कयाची गोष्ट रविवारच्या शाळेत आपण मुलांना शिकवतो. तो उंबराच्या झाडावर चढला आणि प्रभू त्याच्या घरी जेवायला गेला, येथवर मुले खुशीत ऐकतात. पण त्यापुढे जक्कय उभा राहून म्हणतो की अन्यायाने घेतले असेल ते चौपट परत देईन. प्रभूने त्या घराला तारण झाल्याचे सांगितले ते या बोलण्यानंतर. परत देण्याची गोष्ट गाळून नुसत्या जेवणाचे चित्र आपण रंगवतो. तसेच नहेम्याच्या पाचव्या अध्यायात शेते गहाण पडलेल्या लोकांनी ओरड केली, त्यात त्यांच्या बायकांचाही उल्लेख मुद्दाम आहे. नहेम्याने त्यांना धीर धरा म्हणून सांगितले नाही. रागावून त्याने थोरामोठ्यांची सभा भरवली आणि शेते, द्राक्षमळे, घरे त्याच दिवशी परत करायला लावली.

आणखी एक गोष्ट, घाईने सांगते, कारण अध्यक्षबाई घड्याळ पाहत आहेत. आपल्या कायद्यात बापाला मृत्युपत्र करून आपली मिळकत हव्या त्याला देता येते, सगळीच्या सगळी. म्हणजे मुलीचा वाटा एका कागदाने नाहीसा होऊ शकतो. गोव्यात तसे नाही. तेथे निम्मी मिळकत मुलांसाठी, मुलींसह, राखलेली असते आणि बापालाही ती डावलता येत नाही. आपल्याकडे तसे नसल्यामुळे मुलींचा न्याय पुष्कळसा बापाच्या आणि आईच्या मनावर आहे. ज्यांचे नवरे मृत्युपत्र करायला निघाले असतील त्यांनी ते लिहून होण्यापूर्वी जेवायला वाढताना इयोबाच्या मुलींची नावे एकदा काढावीत.

आणि ज्यांच्या वडिलांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली व त्यांचे काय झाले ठाऊक नाही, त्यांनी निदान सातबारा पाहावा. आता तो मोबाईलवरही दिसतो, गावाचे नाव आणि गट नंबर घातला की झाले. पाहिला म्हणजे भांडायलाच हवे असे नाही. पण आपले नाव आहे, इतर हक्कात आहे, की कधीच लागलेले नाही, हे पाहून ठेवावे. पुढच्या बुधवारच्या सभेला ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी घेऊन यावे. वकीलबाई येणार आहेत, फी घेणार नाहीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी वाचून दाखवीन. चष्मा ज्याचा त्याने आणावा, कारण मागच्या सभेत माझा चष्मा तिघींनी लावला आणि त्याची काडी अजून सैल आहे.